टीव्हीतली सावड

आमच्या आईला एका कंपनीनं खेळातून कायमचं काढून टाकलं, असं मी कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, तुमची आई कबड्डी खेळायची का. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगताना मला दर वेळी इतकं हसू येतं की निम्मी गोष्ट घशातच राहते. म्हणून एकदाची लिहून काढतेय.

आई साठीच्या पुढची. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तिनं शेत वाट्यानं दिलं आणि कामथडीतल्या आमच्या घरात बसून ती माझ्यावर देखरेख करू लागली. माझं नसरापुरात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आई दिवसातून दहा वेळा फोन करायची. जेवलीस का, पाणी प्यालीस का, त्या बाईचं कापड कमी पडत होतं त्याचं काय केलंस. जन्मभर भाताच्या खाचरात वाकलेल्या बाईला बसून राहणं म्हणजे शिक्षाच, हे मला कळत होतं. पण माझ्या कात्रीला ते कळत नव्हतं. एकदा फोनवर बोलता बोलता मी एका बाईची बाही तिरकी कापली आणि घरी येऊन धाकट्या भावाला म्हटलं, हिच्यामागं काहीतरी लाव, नाहीतर मी दुकान विकते.

भाऊ वरव्याजवळच्या एका कारखान्यात कामाला जातो. त्यानं पुण्यातून कुणाकडून तरी गेम खेळायचं मशीन जुनं म्हणून आणलं होतं. आत कसलीशी चिप बसवलेली. त्यामुळे जे गेम लोक पैसे देऊन घेतात, ते ह्याच्या मशीनवर फुकट उतरायचे. भाऊ ते असं सांगायचा की जणू चिप त्यानंच शोधून काढलीय. माझं बोलणं त्यानं मनावर घेतलं आणि एका रविवारी आईसमोर शेतीचा गेम लावून दिला.

पहिले दोन दिवस आईनं नुसती टीका केली. ह्या वाफ्याला पाणी चढणार कुठून? गाय हसती कशापायी? आन् हा बाप्या दिवसभर राबतोय, तर ह्याला भाकरी कोण आणून देतंय? तिसऱ्या दिवशी ती भावाला म्हणाली, दे इकडं, तुला कुदळ धरता येत न्हाई. मशीनला ती खोकं म्हणायची आणि हातातल्या कंट्रोलरला मूठ. आठवड्याभरात तिनं त्या मुठीवर असा हात बसवला की भाऊ तिला विचारून पेरायला लागला. मला फोन यायचे बंद झाले. मी इतकी खूश होते की आईला चष्म्याची नवी फ्रेम आणली.

इथं माझी मावशी येते. आईची धाकटी बहीण, विंझरला दिलेली. ह्या दोघींचं दोन पावसाळे बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात खीर असते आणि ती खीर आई करते. त्या वर्षी मावशी आली होती. तिनं पहिला घास घेतला आणि साऱ्या बायांसमोर म्हणाली, जरा तळाला लागलीय, न्हाई? खीर लागली होती. मी स्वतः दोन वाट्या खाल्ल्या, मला माहीत आहे. पण आईनं पातेलं खाली ठेवलं आणि तोंड फिरवलं ते फिरवलंच. त्यानंतर लग्नाकार्यात दोघी वेगवेगळ्या पंगतीला बसायच्या आणि मी मधल्या पोस्टमनसारखी. तिला सांग, तिचा पदर लोळतोय. तिला सांग, तिनं स्वतःचा बघावा.

मावशीच्या घरी तेच मशीन होतं, पण दुकानातून घेतलेलं, पावतीसकट. माझा मावसभाऊ बादली घेतली तरी पावती जपून ठेवणारा. त्यानं ते आणलं स्वतःसाठी आणि बळकावलं मावशीनं, तेही शेतीच्या गेमसाठी. दोन्ही भावांचं आपसात चांगलं होतं. त्यांनी आम्हाला कुणाला न विचारता दोन्ही घरची शेतं इंटरनेटवरून जोडून टाकली. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, आईच्या वाफ्यांजवळ हिरव्या टोपीचं एक माणूस येऊन उभं राहिलं.

ही कोण, आईनं विचारलं. भाऊ म्हणाला, विंझरची.

आईनं चष्मा काढून पदराला पुसला आणि परत लावला. मी तिकडं भाजी चिरत होते, मी सुरी थांबवली. मग आई म्हणाली, "तिला म्हणावं बांधावरनं चाल, वाफ्यातनं न्हाई."

आता त्या गेममध्ये बोलायचं असेल तर कानाला माईक लावावा लागतो. दोघींनीही तो लावायला साफ नकार दिला. जी आधी बोलेल ती हरली, असा काहीतरी हिशोब होता. माणसाला फक्त हात हलवता यायचा, उडी मारता यायची आणि गिरकी घेऊन नाचता यायचं. तर हिरव्या टोपीनं उडी मारली. आईच्या माणसानं हात हलवला. मग हिरवी टोपी वाफ्यातून बाहेर आली, बांधावर गेली आणि तिनं हाती झारी घेऊन आईच्या सगळ्या कोबीला पाणी घातलं. शेवटच्या कोबीजवळ जाऊन गिरकी घेतली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आईनं मला हुकूम सोडला, आज लवकर ये, स्वयंपाक तू कर. मला सावड फेडायची आहे.

सावड आमच्याकडं जिला म्हणतात ती अशी. भाताच्या लावणीला आम्ही मजूर लावत नाही. आज सगळी आळी माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. लिहायचं काही नाही, लक्षात ठेवायचं. आणि ज्या हंगामातली त्याच हंगामात फेडायची. जी फेडत नाही तिला पुढच्या वर्षी कुणी काही बोलत नाही, फक्त तिच्या बांधावर कुणी येत नाही. आईनं आयुष्यात एकही सावड ठेवली नव्हती. मी पोटात असताना, दिवस भरत आलेले असताना, ती कुणाचं तरी अर्धं खाचर फेडून आली होती, आणि हे ती मला अजून ऐकवते.

तर आता ही टीव्हीतली सावड सुरू झाली. एक दिवस विंझर इकडं, एक दिवस कामथडी तिकडं. आई कामावर निघाल्यासारखी चहा पिऊन बसायची. मावशीच्या शेतात गेली की आधी पूर्ण फेरी मारायची आणि आम्हाला तोंडानं सांगायची, बघा, मका दाट लावलाय, हिला पहिल्यापासून घाई. मग तोच मका वाकून वाकून खुरपायची. मी विचारलं, तू तर तिच्याशी बोलत नाहीस ना. आई म्हणाली, मी कुठं बोलतीय, मी काम करतीय. एकदा दोघींची माणसं मावशीच्या गोठ्यासमोर नुसती नाचत होती. काम संपलेलं, तरी नाचत होती. आईच्या तोंडावर मात्र पंचायतीत बसल्यासारखा भाव. मी आणि भाऊ आत जाऊन उशीत तोंड घालून हसलो.

मग भोपळ्यांचा प्रसंग आला. गेममध्ये वादळ येणार असल्याची सूचना आली आणि आईचे भोपळे काढायचे राहिलेले. आईला त्याच दिवशी ताप होता, ती गोळी घेऊन पडलेली. भाऊ कामावर. दुसऱ्या दिवशी मशीन लावलं तर सगळे भोपळे काढून, ओळीनं गोदामात रचून ठेवलेले. वर कोंबड्यांना दाणेही घातलेले. आईनं बोट फिरवत सगळे भोपळे मोजले. म्हणाली, ही मोठी सावड झाली. मला दोन दिवस जायला लागंल. आणि ती लगेच मूठ हातात घेऊन मावशीच्या शेताकडं निघाली.

निघाली आणि पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली.

भावानं ती वाचली, मशीन बंद केलं, परत चालू केलं, परत वाचली. त्याचा चेहरा पडला. आईनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, कंपनीनं आपल्याला काढून टाकलंय. घरात एकट्यानं खेळा, पण ह्या मशीनवरून दुसऱ्या कुणाबरोबर खेळता येणार नाही. कधीच नाही.

कुणालाही कुठूनही हाकललं की आईचं डोकं आधी तापतं, आणि त्याला कारण आहे. तिनं लहानपणी स्वतःच्या आईला पाणवठ्यावरून मागं फिरताना बघितलंय. ती गुडघे विसरून ताडकन उभी राहिली. कोण हाकलणारे हे? काय म्हणून? कारण लिहिलंय का त्यात? मला वाटलं ही आता मोर्चा काढते.

भावानं चाचरत कारण सांगितलं. चिप, फुकटचे गेम, आणि कंपनीला असं बदललेलं मशीन ओळखता येतं, ओळखलं की ते त्याला बाहेर काढतात. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तू पैशे दिलं न्हाईस."

भाऊ म्हणाला, तसे बरेच जण देत नाहीत.

"हा खेळ कुणीतरी बसून केला आसंल ना? दिवस घातलं आसतील?"

असतील की, भाऊ म्हणाला, पण ती लांब परदेशातली माणसं, मोठी कंपनी.

"लांबची माणसं राबत न्हाईत व्हय?" आई म्हणाली. "त्यांनी काम केलं, तू फेडलं न्हाईस. मग त्यांनी बांधावर येऊ दिलं न्हाई. बरोबर हाय त्यांचं."

मोर्चा असा जागच्या जागी उलट फिरला. मी इतकी हसत होते की भावानं माझ्याकडं रागानं बघितलं. बिचाऱ्यानं त्याच रात्री तो गेम रीतसर पैसे भरून घेतला. तरी पाटी हलेना. एकदा काढलेलं मशीन परत घेत नाहीत, पश्चात्ताप झाला तरी नाही. हे ऐकून आईच्या आवाजात थोडा आदरच आला. कडक आहे कंपनी, म्हणाली. मग ती खाली बसली आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, पण माझी सावड राहिली त्याचं काय?

इथं माझं हसू थांबलं. मावशीच्या टीव्हीवर काय दिसत असणार? काही नाही. भोपळे काढून दिले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बहीण गायब. आईला दुसरं काही सुचेना. जिनं जन्मात कुणाची सावड बुडवली नाही, तिनं बुडवली ती नेमकी हिची. आणि त्या खिरीनंतर एवढाच एक धागा उरला होता, तोही असा तुटलेला.

मी म्हटलं, फोन कर. आई म्हणाली, करून काय सांगू, माझ्या घरात चोरीचं खोकं निघालं म्हणून? मी म्हटलं, मी सांगते. तर मला शपथ घातली. भावाला तर सांगायची सोयच नव्हती, पावतीवाल्या मावसभावासमोर त्याला मान वर करता येणार नव्हती, म्हणून तो त्याचे फोनच उचलेना. त्यानं दिवाळीला बोनसमधून नवं मशीन आणायचं कबूल केलं. आई म्हणाली, हंगाम दिवाळीपर्यंत थांबतो का? ती एकटीच आपल्या शेतात जाऊन बसायची. पेरायची, काढायची. कुंपणापाशी जाऊन उभी राहायची आणि मग मशीन बंद करायची. मला पुन्हा फोन येऊ लागले. जेवलीस का. पाणी प्यालीस का. आणि मला त्या फोनचा राग येईना, नुसतं वाईट वाटायचं.

आषाढात एका सकाळी उठून बघते तर आई तयार. गुडघ्यांना पट्टे, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पिशवीत भाकरी आणि ठेचा. म्हणाली, विंझरला जाते. तिची लावणी चालू आसंल. टीव्हीतली फेडता येत न्हाई, तर खरी फेडते. मी म्हटलं, अगं तुझे गुडघे. आई म्हणाली, गुडघं माझं हायेत, सावड तिची हाय.

हिला एकटीला सोडणं शक्यच नव्हतं. मी दुकान बंद ठेवलं. चेलाडी फाट्यावर आम्ही एसटी धरली आणि आंबवणे, मार्गासनी करत निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना खाचरं पाण्यानं भरलेली, बाया वाकलेल्या. आई खिडकीतून प्रत्येकाच्या चुका काढत होती. मला आपली उगाच मजा वाटत होती, शाळेची सहल निघाल्यासारखी, आणि भीतीही वाटत होती. मावशीनं तोंड फिरवलं तर मी ह्या बाईला परत कशी नेणार होते?

मावशी घरी नव्हती, खाचरातच होती. आळीतल्या बायांची एक ओळ रोपं लावत मागं मागं सरकत होती, मावशी टोकाला. आईनं बांधावर चपला काढल्या, नऊवारीचा ओचा खोचला आणि सरळ चिखलात उतरली. कुणाशी बोलली नाही. रोपांची एक जुडी उचलली आणि मावशीच्या शेजारी जाऊन वाकली. मावशीनं मान वळवून बघितलं. तिनंही काही बोलायचं नाही असंच ठरवलं असावं. फक्त एक पाऊल बाजूला सरकून जागा केली.

अशा त्या लावत राहिल्या, गपचूप, शेजारी शेजारी. मीही उतरले, कारण बांधावर उभं राहून हसणं बरं दिसेना. माझी रोपं पाण्यावर तरंगायला लागली म्हणून एका बाईनं मला बाजूला काढलं.

अर्धं खाचर झालं आणि आई वाकली ती वर उठेना. गुडघ्यांनी दगा दिला. मावशीनं हातातली रोपं टाकली, आईच्या कमरेला मिठी मारून तिला सरळ केलं, आणि तशीच धरून ठेवून म्हणाली, "कुठं हुतीस तू?"

आई म्हणाली, "तुला वाटलं आसंल, सावड बुडवून बसली."

"सावड कुणाच्या डोक्यात हाय?" मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम फाटला. "रोज दिवा लावला की खोकं लावून बघत हुते. तू न्हाईस. तापली हुतीस एवढं तुझ्या पोरानं सांगितलं हुतं, म्हून भोपळं काढलं. त्याच्या म्होरं काहीच कळंना. मला वाटलं, तुझं काय बरंवाईट झालं का काय. आन् विचारू कुणाला?"

सगळी ओळ थांबली होती. आईच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर चिखल, आणि तिला आता खरं सांगणं भाग होतं. तिनं सांगितलं. तेही सगळ्या बायांसमोर, भर खाचरात. माझ्या पोरानं चोरीचं खोकं आणलं हुतं, आन् कंपनीनं मला हाकललं.

एका बाईनं विचारलं, कुठल्या कंपनीत होतीस गं, शिरवळच्या का? दुसरी म्हणाली, ह्या वयात कामावर घेतलं हेच लई झालं. मावशीला एकदम हसू फुटलं. ते आवरेना तशी ती खाली चिखलातच बसली. तिला धरायला गेलेली आई तिच्यावर बसली. दोघींना वर काढायला आम्ही चौघी लागलो आणि त्या खाचराच्या कडेची ओळ परत लावावी लागली.

मग बांधावर भाकरी खाताना भांडण सुरू झालं, आणि मला हायसं वाटलं, कारण भांडायला लागल्या म्हणजे सगळं ठीक होतं. आईचं म्हणणं, अर्धं खाचर लावलं, सावड फिटली. मावशीचं म्हणणं, टीव्हीतले भोपळे आणि खरं भात एक कसं धरायचं? बोटानं दाबून काढलेले भोपळे ते. त्याच्या बदल्यात कंबर मोडून लावणी घेतली तर उलट मीच तुझी देणेकरी झाले. आई म्हणाली, तू मला देणेकरी ठेवायचं बघतीस. मावशी म्हणाली, मी तर म्हणतीय देणेकरी मी आहे. शेवटी मावशीनं निकाल दिला. भोपळ्याची सावड भोपळ्यातच फेडायची. माझं खोकं पावतीचं आहे, त्याला मुठी दोन आहेत, तू हितं राहा आणि शेजारी बसून फेड.

मी एकटीच शेवटच्या एसटीनं परत आले. आई दोन दिवसांत येते म्हणाली होती.

दोन दिवस गेले, आठवडा गेला. मावशीनं आपल्या टीव्हीतल्या शेताचा एक कोपरा आईला तोडून दिल्याचं मावसभावाकडून कळलं. त्याला स्वतःला आता खेळायला मिळत नव्हतं, त्यामुळे तो जरा कुरकुरतच बोलला. एका दुपारी मीच दुकानातून आईला फोन केला. विचारलं, फेडून झालं का, कधी येतेस?

"कुठलं आलंय," आई म्हणाली. "मी काल तिचा सगळा कांदा काढला. तर आज ही माझ्या आधी उठली आन् माझ्या वाफ्यांना पाणी घालून बसली. परत एक चढली माझ्यावर."

मी म्हटलं, आई, असं केलंत तर हे कधीच फिटायचं नाही.

 मग आई फोन तोंडाजवळ धरून, हळू आवाजात म्हणाली, "फेडायचीय कुणाला? आन् हळू बोल, ती हितंच बसलीय."